टाकाऊ पिकलिंग ॲसिडपासून फेरिक क्लोराईड: भांडवल कसं उभं करायचं?

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं लहान युनिट आहे. सांडपाणी शुद्ध करायला लागणारी रसायनं बनवतो, मुख्यतः तुरटी आणि फेरिक क्लोराईड. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. गिऱ्हाईक सगळं पावणे, महापे, तळोजा इथल्या कारखान्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प.

फेरिकसाठी मी लोखंडाचं भंगार विकत घेते, ॲसिड विकत घेते आणि एकात दुसरं विरघळवते. तिकडे तळोज्यात गॅल्व्हनायझिंगवाल्यांच्या (लोखंडावर जस्ताचा थर चढवणाऱ्यांच्या) पिकलिंगच्या, म्हणजे ॲसिडने गंज उतरवण्याच्या, टाक्यांत तेच लोखंड त्याच ॲसिडमध्ये आयतं विरघळलेलं असतं. ॲसिड थकलं की ते त्यात चुना घालतात, गाळ करतात आणि तो गाळ पैसे मोजून लँडफिलला, कचरा पुरण्याच्या जागी, पाठवतात. मला हे बघवत नाही. ते द्रावण मी घेतलं तर त्यांचा गाळ वाचेल आणि माझा कच्चा माल.

रिॲक्टर आणि क्लोरीनची व्यवस्था आहे. एफआरपीच्या (फायबर-प्लास्टिकच्या) साठवण टाक्या, गाळ वेगळा करायला फिल्टर प्रेस, वायू धुणारा मोठा स्क्रबर आणि गळती अडवणारा कट्टा एवढं हवं. अंदाज ८० लाखांचा. बँकेने फाइल परत केली. म्हणाले, तुमचा कच्चा माल कायद्याने घातक कचरा आहे, उद्या परवानगी गेली तर आमचं कर्ज कोण फेडणार? ऐरोलीचा फ्लॅट आधीच खेळत्या भांडवलाच्या सीसी लिमिटला तारण आहे. अशा कामासाठी सरकारी पैसा मिळतो का? कुणी घेतला आहे का?

नौपाडा_निवृत्त:
मी बँकेत लघुउद्योग कर्जं बघायचो, म्हणून आधी योजनांचं सांगतो.

चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी केंद्राची ‘स्पाइस’ योजना आहे, सिडबी या लघुउद्योग बँकेमार्फत. यंत्रसामग्रीवर २५ टक्के अनुदान, कमाल १२.५ लाख. पण ती प्लास्टिक, रबर आणि ई-कचऱ्यासाठी आहे. ॲसिड त्यात बसत नाही, तिथे वेळ घालवू नका. तिच्याच जोडीची ‘गिफ्ट’ योजना हरित तंत्रज्ञानाच्या २ कोटींपर्यंतच्या मुदत कर्जावर व्याजात २ टक्के सूट देते. तुमची यंत्रं तिच्या यादीत बसतात का, हे सिडबीला लेखी विचारा. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत आपला भाग विकसित गटात मोडतो, त्यामुळे मराठवाड्यातल्या उद्योजकाला जे मिळतं ते इथे मिळेल असं धरू नका.

तारणाचं उत्तर सीजीटीएमएसई, म्हणजे लघुउद्योगांच्या विनातारण कर्जाला सरकारी हमी. एप्रिल २०२५ पासून हमीची मर्यादा १० कोटी झाली आहे, त्यामुळे ८० लाखांसाठी दुसरा फ्लॅट लागू नये. मात्र हमी मिळाली म्हणून अधिकाऱ्याची भीती जात नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला तीन कागद दाखवा: ॲसिड देणाऱ्याचा निदान तीन वर्षांचा करार, फेरिक घेणाऱ्यांच्या ऑर्डरी आणि परवानगीचा मार्ग. आणि मंजुरी सशर्त मागा. परवानगी हातात आल्याशिवाय पहिला हप्ता उचलणार नाही, असं तुम्हीच लिहून द्या. कर्जदार स्वतः असं लिहून देतो तेव्हा फाइलकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं, हे मी टेबलाच्या पलीकडून अनुभवलं आहे.

महापे_केमिकल:
परवानगीचा मार्ग मी सांगतो, ठाणे-बेलापूर पट्ट्यात याच कामात माझी सगळी नोकरी झाली.

२०१६ च्या घातक कचरा नियमांतला नियम ९ नीट वाचा. एकाचा कचरा दुसऱ्याने कच्चा माल म्हणून वापरायचा तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं, आणि ते केंद्रीय मंडळाच्या ठरलेल्या कार्यपद्धतीवर मिळतं. कार्यपद्धती कुठल्या प्रक्रियेतला कचरा आणि त्यातून कुठलं उत्पादन, अशा जोडीची असते. तुमची जोडी तंतोतंत बसली तर काम सोपं. नाही बसली तर आधी चाचणी उत्पादन, नमुने, अहवाल आणि मग केंद्रीय मंडळाची मान्यता. या टप्प्याला कुठलीच बँक पैसे देत नाही. खरी अडचण इथेच आहे. ८० लाखांचं कर्ज मिळेलही, पण त्याआधीचे काही लाख आणि काही महिने स्वतःच्या खिशातले असतात, आणि चांगले प्रकल्प तिथेच सुकून जातात.

आता रसायन. गॅल्व्हनायझिंगवाले बिघडलेला माल परत ॲसिडमध्ये टाकून त्यावरचं जस्त उतरवतात. हे काम पिकलिंगच्याच टाकीत होत असेल तर ते द्रावण घेऊ नका. जस्त तुमच्या फेरिकमधून गिऱ्हाइकाच्या सांडपाण्यात जाईल, तिथे लिटरला ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि दोष तुमच्या माथी येईल. स्ट्रिपिंगची, म्हणजे जस्त उतरवण्याची, टाकी वेगळी ठेवणाराच पुरवठादार निवडा आणि जस्ताचा, शिशाचा आकडा करारात घाला. दुसरं, लिटरला १२० ग्रॅम लोह धरलं तर त्यात थेट क्लोरीन वायू घालून केलेलं फेरिक २७ टक्क्यांच्या आसपास येईल. बाजारात ४० टक्क्यांचं चालतं. म्हणजे मधे भंगार घालून लोह वाढवावं लागणार, तुमची भंगाराची खरेदी कमी होईल पण थांबणार नाही. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बचत लिहिताना हे धरा.

पैशाबद्दल माझं ठाम मत आहे. असा प्रकल्प अनुदानावर उभा करू नये, कचऱ्याच्या वाचलेल्या खर्चावर करावा. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये १९७२ ला रिफायनरीचा जास्तीचा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला गेला, पुढे वीजकेंद्राच्या धुरातून निघालेलं जिप्समही त्याच कारखान्याकडे गेलं. सरकारी आराखडा नव्हता, दोघादोघांचे करार होते. ब्रिटनने २००५ मध्ये हेच देशभर करायला कार्यक्रम काढला आणि त्याला पैसा दिला तो लँडफिलवरच्या करातून. कचरा पुरण्याचा खर्च हाच कचरा न पुरण्याचा निधी झाला. आपल्याकडे तो पैसा तळोज्याच्या त्या मालकाकडेच आहे. त्याच्याशी बोला.

तळोजा_गॅल्व्हा:
ताई, तुम्ही म्हणता तो कारखानदार मीच समजा. आमच्या मनात काय असतं ते सांगतो.

जस्ताचा ड्रॉस (वितळलेल्या जस्तातला गाळ) आणि राख आम्ही कधीच कचरा म्हणून टाकत नाही. त्याला भाव आहे, झिंक ऑक्साईड आणि झिंक सल्फेटवाले रांगेत असतात. ॲसिडला मात्र उलट आम्हीच पैसे मोजतो: चुना, फिल्टर प्रेसवरची माणसं, वाहतूक, लँडफिल. कुणी कायदेशीरपणे उचलणारा असेल तर त्यातला हिस्सा द्यायला मी तयार आहे, आणि पहिल्या वर्षाचा काही भाग आगाऊसुद्धा. तुमच्या चाचणीचा खर्च त्यातून निघेल.

आमची भीती एकच. २०२२ च्या जानेवारीत सुरतजवळ सचिनला टँकरमधलं रसायन नाल्यात ओतताना वायू पसरून सहा कामगार गेले. कमी दरात टँकर उचलणारे आमच्या गेटवरही येतात. इथल्या कासाडी नदीकाठच्या गावांनी काय सोसलंय ते आम्ही रोज बघतो. त्यामुळे सात प्रतींचा मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, पूर्ण भरून परत येणार नसेल तर कितीही स्वस्त पडलं तरी मला नको. तुमच्या टाकीत माल पोचल्याचा कागद मिळाला की बिल त्याच दिवशी पास.

ऐरोलीकर:
खूप आभार. जस्ताचा मुद्दा आमच्या कन्सल्टंटने काढलाच नव्हता. २७ आणि ४० टक्क्यांचं गणित काल रात्री भावाबरोबर बसून पुन्हा मांडलं. भंगाराची खरेदी धरल्यावर परतफेडीचा काळ वाढतो, पण कचरा उचलण्याचा मोबदला मिळाला तर प्रकल्प उभा राहतो. तो नसेल तर राहत नाही. तेव्हा बँकेत परत जाण्याआधी करार.

गॅल्व्हा दादा, दोन प्रश्न. तुमची स्ट्रिपिंगची टाकी वेगळी आहे का? आणि आगाऊ रक्कम दिलीत आणि परवानगी नाकारली गेली, तर तो पैसा कर्ज मानायचा की तुमचा खर्च? मला हे आधी स्पष्ट हवंय. अंगावर उसनं घेऊन चाचणी करायची माझी ताकद नाही.

तळोजा_गॅल्व्हा:
टाकी गेल्या पावसाळ्यानंतर वेगळी केली. त्याआधीचं जुनं द्रावण एका टाकीत पडून आहे, ते तुम्हाला देणार नाही.

पैशाचं असं करू: चाचणीचा खर्च निम्मा-निम्मा. परवानगी नाकारली तर माझा निम्मा भाग बुडाला असं धरेन, परत मागणार नाही. मिळाली तर पुढच्या बिलांतून वळता करू. करारात जस्ताची मर्यादा काय घालायची ते महापेवाल्यांना विचारून आकडा लिहा. सोमवारी दुपारी दोननंतर या, शिफ्ट बदलते तेव्हा टाक्या शांत असतात, तिन्ही टाक्यांचे नमुने वेगवेगळे भरून देतो. काचेच्या बाटल्या नकोत, एचडीपीई प्लास्टिकच्या आणा, आणि झाकणाला आतून लायनर असू द्या.