रिकन्स्ट्रक्शनला मराठीत काय म्हणायचं? (आणि शेअरक्रॉपिंगला?)

घाण्याचा बैल:
आठवी-नववीच्या मुलांसाठी एक इतिहासाचं पुस्तक मराठीत करतोय, त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा 1865 ते 1877 चा काळ आहे, तिकडे त्याला रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. मी आपला 'पुनर्रचना' लिहून मोकळा झालो तर संपादकबाईंनी लाल गोल केला, म्हणे मुलांना 1956 ची राज्य पुनर्रचना आठवेल, भाषावार प्रांत वगैरे. 'पुनर्बांधणी' करून पाठवलं तर म्हणाल्या हे चाळ पाडून टॉवर उभा केल्यासारखं वाटतंय. आता जवळपास चाळीस लाख माणसं गुलामीतून सुटली, फुटून निघालेली दक्षिणेतली अकरा राज्यं परत संघात घ्यायची, काळ्या पुरुषांना मत द्यायचं, घटनेत तीन दुरुस्त्या, हे सगळं कुठल्या एका शब्दात कोंबू? शेअरक्रॉपिंग, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणं, पुढच्याच पानावर आहे, त्यालाही काहीतरी सुचवा.

रफारसिक:
मुळात 'पुनर्रचना' हा शब्दच अशुद्ध आहे हे कोणी लक्षात घेत नाही. पुनर् + रचना असा संधी करताना एका र चा लोप होऊन आधीचा स्वर दीर्घ होतो. निर् + रस = नीरस, निर् + रोग = नीरोग. त्याच न्यायाने 'पुनारचना' झालं पाहिजे. सरकारने चुकीचा शब्द कायद्याच्या नावात घातला म्हणून तो बरोबर ठरत नाही.

वऱ्हाडी ठेचा:
'पुनारचना' लिहिलं त पोट्टे म्हनतीन पुन्याची रचना. राहू द्या बाप्पा.

कॅरोलिनाकर:
मी साउथ कॅरोलिनात राहते, त्यामुळे हा विषय घराजवळचा आहे. संपादकबाईंचा आक्षेप मला उलट 'पुनर्रचना'च्या बाजूचाच वाटतो, कारण राज्यांचीच तर पुनर्रचना होती. 1867 च्या कायद्याने टेनेसी सोडून बाकीच्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग केले आणि सांगितलं की नवी राज्यघटना लिहा, काळ्या पुरुषांना मत द्या, नागरिकत्व देणारी चौदावी दुरुस्ती मंजूर करा, मग तुमचे लोक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, बसतील. इथे 1868 ला घटना लिहायला जे प्रतिनिधी बसले त्यात निम्म्याहून जास्त काळे होते. त्यातलाच एक रॉबर्ट स्मॉल्स. ब्यूफर्टला मालकाच्या घरामागच्या खोपटात जन्मला. 1862 मध्ये चार्ल्स्टन बंदरात गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले ते बघून याने त्यांची 'प्लँटर' बोट सुरू केली, बायकापोरं घेतली, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि वाटेतल्या किल्ल्यांना ठरलेल्या शिट्ट्या देत थेट उत्तरेच्या आरमाराला नेऊन दिली. पुढे त्याने त्याच मालकाचं घर विकत घेतलं आणि अमेरिकी संसदेत निवडूनही गेला. ते घर अजून उभं आहे. याला तुम्ही चाळ पाडून टॉवर म्हणणार का?

मोडीवाला:
संस्कृतकडे धावायची गरजच काय? मराठीत 'घडी बसवणे' आहे की. राज्य गेलं, मुलूख विस्कटला की नवा कारभारी येऊन घडी बसवतो, जुन्या लिखाणात पावलोपावली सापडेल. 'घडी बसवण्याचा काळ' लिहा, आठवीच्या मुलाला न विचारता कळेल.

तापीकाठ:
मोडीवाले साहेब, शब्द झकास पण अर्थ उलटा होतो. घडी बसवायची म्हणजे जुन्याच मोडीवर परत दुमडायचं. नेमकं तेच अँड्र्यू जॉन्सनला हवं होतं. लिंकननंतर हा अध्यक्ष झाला, बंडखोरांना भराभर माफ्या दिल्या, उत्तरेचा सेनापती शर्मन याने किनाऱ्यालगतची जमीन चाळीस चाळीस एकरांनी काळ्या कुटुंबांना द्यायचा हुकूम जानेवारी 1865 ला काढला होता तर याने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करायला लावली. लोकांनी पेरलेली जमीन. याला घडी बसवणं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग 1867 नंतरचं जे आहे ते घडी मोडणं झालं.

मोडीवाला:
आणि 1877 ला सैन्य मागे घेतलं तेव्हा परत बसलीच ना घडी? मग शब्द बरोबरच की!

घाण्याचा बैल:
आख्ख्या प्रकरणाचं नाव त्यावरून ठेवता येत नाही हो. बरं, सुटलेल्या लोकांना मी 'मुक्त गुलाम' लिहिलंय, चालेल का?

रफारसिक:
वदतोव्याघात. मुक्त आहे तर गुलाम कसा? 'विमुक्त' लिहा.

तापीकाठ:
अजिबात नको. विमुक्त म्हटलं की महाराष्ट्रात विमुक्त जाती. इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. त्या लोकांनी तो शब्द भोगून मिळवलाय, तो उचलून दुसरीकडे चिकटवू नका. 'सुटलेले लोक', 'पूर्वी गुलाम असलेले', लांब झालं तरी चालेल.

वऱ्हाडी ठेचा:
गुलाम म्हंजे अरबीत पोरगा. आमचे मास्तर सांगत, म्हनून पत्त्यात राजा, रानी अन् त्याहिचा पोरगा गुलाम.

मोडीवाला:
अरबीचं बरोबर, पत्त्याचं नाही. पत्त्यातला गुलाम हा चाकर आहे, राजपुत्र कुठला. पण गंमत बघा, पत्त्यातल्या गुलामाला इंग्रजीत नेव्ह म्हणतात, तो पण मुळात पोरगाच.

कॅरोलिनाकर:
इथे यात गंमत वाटत नाही कोणाला. साठीच्या काळ्या माणसाला 'बॉय' म्हणून हाक मारायची पद्धत गुलामी संपल्यावर पण शंभर वर्षं चालली. आणि गुलाम शब्दावर बोलताय तर जोतीराव फुल्यांचं नाव अजून कसं आलं नाही? 'गुलामगिरी' 1873 ची, अर्पण केलीय अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. म्हणजे भर रिकन्स्ट्रक्शनमध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी लुइझियानात कोलफॅक्सला कोर्टाची इमारत राखायला बसलेल्या काळ्या लोकांना गोऱ्या टोळीने मारलं, शरण आलेल्यांना सुद्धा. पुण्यात पुस्तक छापलं जात होतं आणि तिकडे हे.

रफारसिक:
विषय शब्दाचा आहे, इतिहासाचा नाही.

तापीकाठ:
इतिहास माहीत नसताना शब्द निवडला की काय होतं ते 'रिडीमर'वरून बघा. दक्षिणेत ज्यांनी बंदुका आणि मारझोड करून काळ्यांचं मतदान बंद पाडलं, सत्ता परत घेतली, त्यांनी स्वतःला लावलेलं नाव आहे ते. कोशात बघून 'उद्धारक' लिहिलंत तर मुलं त्यांना संत समजतील. 'कार्पेटबॅगर' पण तसंच, उत्तरेतून आलेल्यांना दिलेली शिवीच.

वऱ्हाडी ठेचा:
गालिच्याच्या कपड्याची झोळी घेऊन आलेला. 'वळकटीवाला' लिहा नं.

घाण्याचा बैल:
वळकटीवाला मस्त आहे, ढापतो! 

लिगामेंट:
एवढं कशाला, सरळ 'रिकन्स्ट्रक्शन' ठेवा की देवनागरीत. पार्लमेंट, बजेट चालतं तर हे का नाही? फक्त माझ्या पुतणीला विचारलं तर ती म्हणाली गुडघ्याचं ऑपरेशन ना.

रफारसिक:
उद्या मराठीत फक्त क्रियापदं उरतील. ती पण 'करणे' एवढंच.

घाण्याचा बैल:
शेअरक्रॉपिंग राहिलं मंडळी. मी 'कूळ पद्धत' लिहिलंय.

वऱ्हाडी ठेचा:
कूळ नाही बाप्पा, बटई. आमच्याइकडे अजून चालते. जमीन मालकाची, मेहनत तुमची, पीक अर्धं अर्धं. कुळाले कायद्यानं कायतरी हक्क भेटला, बटईवाल्याले काय भेटते?

मोडीवाला:
आमच्याकडे 'अर्धेलीने' म्हणतात. पण तिकडे नुसती अर्धेली नव्हती, दुकानदाराची उधारी होती वर. बी, पीठ, कापड सगळं पुढच्या पिकाच्या भरवशावर, आणि वर्षाअखेरीला हिशोब केला की कापूस गेला तरी देणं शिल्लकच. त्यात 1870 नंतर कापसाचे भाव पडत गेले. लढाईच्या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता, मुंबईतले शेटजी त्यावर शेअर घेत सुटले आणि 1865 ला लढाई थांबल्यावर धाडकन आपटले, तोच कापूस.

तापीकाठ:
बटई नंतरची हो. सुरुवातीला तर सरळ सालदारकी होती. मिसिसिपीच्या 1865 च्या कायद्यात दर जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी काळ्या माणसाकडे कामाचा लेखी पुरावा पाहिजे, आणि मुदतीआधी काम सोडलं तर त्या वर्षाची त्या दिवसापर्यंतची मजुरी बुडाली. आमच्याकडच्या सालदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. उचल घेतली की वर्षभर पाय बांधलेले.

वऱ्हाडी ठेचा:
सालगडी म्हना. पाडव्याले ठरते.

तापीकाठ:
सालदार. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतो, पाडव्याला नाही. खान्देशात येऊन विचारा कोणालाही.

वऱ्हाडी ठेचा:
खान्देशात असंन तसं. पन पाडव्याच्या दिवशी नवा गडी नाही भेटला त आखाजीपर्यंत ढोरं कोन पाहते तुमच्याइकडे?

तापीकाठ:
जुनाच पाहतो, त्याचं साल तेव्हाच संपतं ना भो!