सिव्हिलच्या डिग्रीसाठी किती कर्ज काढावं? सल्ला हवाय

मोठाभाऊ
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला सिव्हिल इंजिनिअरिंगच करायचंय, दुसरं काही नको म्हणते. दोन कॉलेजात नंबर लागतोय. एकाची फी कमी आहे, बरीचशी घरातून भागेल. दुसऱ्याचं नाव मोठं पण चार वर्षांची जवळजवळ सगळी फी कर्जातूनच भरावी लागेल. त्यांनी दाखवलेलं सरासरी पॅकेज बघून घरच्यांना वाटतंय की दोन-तीन वर्षांत फिटेल. जामीनदार म्हणून सही माझी असणार आहे त्यामुळे झोप लागत नाहीये. या क्षेत्रातल्या लोकांनी प्लीज सांगा.

लेव्हलबुक
सही करायच्या आधी विचारताय हे फार बरं केलंत. एकदा वहीत हिशोब मांडून बघा. समजा एकूण कर्ज १००, दरवर्षी सुरुवातीला २५ उचलले, व्याज १० टक्के सरळ, आणि शिकताना काहीच भरलं नाही. पहिल्या २५ वर चार वर्षांचं व्याज चढतं, पुढच्या २५ वर तीन वर्षांचं, असं करत डिग्री हातात येईपर्यंत १०० चे १२५ झालेले असतात. चक्रवाढ असेल तर १२७ च्या वर. हे १२५ दहा वर्षांच्या हप्त्यांत फेडले तर एकूण साधारण १९८ जातात, पाच वर्षांत फेडले तर १५९ च्या आसपास. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात तरी मुद्दल १०० वरच थांबतं, जमत असेल तर ते नक्की करा.

आता पगाराशी ताडून बघा. पास होतानाचं कर्ज पहिल्या वर्षाच्या हातात पडणाऱ्या पगाराएवढं असेल तर याच व्याजाने दहा वर्षांचा हप्ता पगाराच्या १६ टक्क्यांच्या आसपास बसतो. कर्ज दुप्पट असेल तर ३२ टक्के, म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच. माझ्या मते एका वर्षाच्या पगारापुढे जाऊच नये. आणि सरासरी पॅकेज धरू नका हो, दोन-चार मोठे आकडे सरासरी वर ओढतात. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला किती येतो ते विचारा, तेही फक्त सिव्हिलच्या मुलांचं.

सळई_आणि_साचा
दादा, मी सिव्हिलची, सहा वर्षं साईटवर आहे. पगार किती यापेक्षा तो वेळेवर येतो का हे आमच्याकडे जास्त महत्त्वाचं. पहिली नोकरी एका छोट्या ठेकेदाराकडे होती, वरून बिल पास झालं नाही की आमचा पगार अडकायचा, एकदा सलग तीन महिने अडकला. स्लॅबचं काँक्रीट चालू होतं, रात्रीचे अकरा वाजलेले, मी क्यूबवर (ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे ठोकळे भरतात, त्यावर) तारीख टाकत होते आणि हप्ता बाऊन्स झाल्याचा मेसेज आला. तिथेच रडले. ते क्यूब २८ दिवसांनी मशीनवर तपासतात, त्याचा रिझल्ट आला तरी पगार आला नव्हता.

म्हणून सांगते, तिचा पहिला हप्ता सुरू व्हायच्या आधी निदान तीन-चार हप्त्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा. साईटवर बऱ्याचदा राहायची सोय मिळते, तेव्हा पैसे वाचतात, ते आधी कर्जात घालायचे. बिलिंग, क्वांटिटी, बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती लांब, कशी वाकवायची याचा तक्ता) हे ज्याला नीट जमतं त्याचा पगार दोन-तीन वर्षांनी बरा हलतो. पण सुरुवात हळूच असते, आणि हप्ता पहिल्या दिवसापासून पूर्ण असतो.

पायाभरणी
थोडं वेगळं मत. स्ट्रक्चरल डिझाइन किंवा जिओटेकमध्ये (माती आणि पायाचं काम) जायचं असेल तर बहुतेक वेळा मास्टर्स लागतं, तेव्हा पुन्हा खर्च आलाच, आत्ताच सगळी ताकद संपवू नका. मोठ्या नावाचा फायदा पहिल्या नोकरीला होतो हे खरं. पुढे तुम्ही काय काय बांधलंय तेच विचारतात. मात्र परदेशात कामाचा विचार असेल तर डिग्री वॉशिंग्टन अकॉर्डखाली मान्य आहे का ते दोन्हीकडे बघाच. १९८९ चा करार आहे, सदस्य देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग डिग्र्या त्यात ग्राह्य धरतात. लायसन्स तरी आपोआप मिळत नाही, त्याचे त्या-त्या देशाचे नियम वेगळे.

मोठाभाऊ
सगळ्यांचे मनापासून आभार. मोठ्या कॉलेजकडून सिव्हिलच्या मुलांना लागलेल्या नोकऱ्यांची यादी मागवली, निम्म्याहून जास्त मुलं सॉफ्टवेअरमध्ये गेलीयेत. ती वगळून मधला पगार काढला तर कर्ज त्याच्या पावणेदोन पट येतंय. बहिणीला आकडे दाखवले, गप्प बसली थोडा वेळ, मग म्हणाली कमी फीचंच घेते पण आधी तिथली लॅब बघून येऊ. काय बघायचं तिथे?

सळई_आणि_साचा
एका टोटल स्टेशनमागे (जमीन मोजायचं यंत्र) किती मुलं असतात ते विचारा. क्यूब टेस्टिंग मशीनवर धूळ आहे का बघा. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा की स्वतःच्या हाताने लेव्हल (उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण) किती वेळा लावली, दादा तुम्ही जरा लांब उभे राहा, तिलाच विचारू द्या.