यजमानांचे घर की हॉटेल?

'परक्या घरात संकोचाने राहण्यापेक्षा हॉटेल बरे नव्हे का?' या प्रश्नावर माझा अनुभव मांडतो. रोटरीच्या 'ग्रुप स्टडी एक्सचेंज' या उपक्रमातून (१९६५ साली सुरू झालेला हा उपक्रम २०१३ मध्ये बंद झाला) २००९ साली मी रत्नागिरीहून डेन्मार्कला गेलो होतो. दिवसा आपापल्या व्यवसायाशी संबंधित ठिकाणे पाहायची आणि रात्री रोटरी सदस्यांच्या घरी मुक्काम करायचा, अशी रचना होती. दर पाच-सहा दिवसांनी घर बदलावे लागे आणि त्या बांधाबांधीचा मात्र खरोखर कंटाळा येई.

संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवण आणि जेवण झाल्यावर 'ताक' म्हणजे धन्यवाद म्हणण्याची तिथली रीत. ताकाने जेवण संपवणे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. भेटीदाखल पेढे नेऊ नयेत, कारण भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. मी आमसुले आणि फणसपोळी नेली होती. डब्यातले नारळाचे दूध आणून सोलकढी केली, तर यजमानीणबाईंनी तिचा गुलाबी रंग पाहून ती खोलगट बशांत वाढली आणि शेजारी बिस्किटे ठेवली, कारण उन्हाळ्यात त्यांच्याकडे ताकाचा एक गोड, गार पदार्थ असाच खातात. लसणीचा पहिला चमचा तोंडात गेल्यावर सगळे क्षणभर गप्प झाले. त्यानंतर झालेल्या हसण्यात माझा उरलासुरला संकोच गेला आणि त्या रात्री भांडी मीच पुसली.