मदत हवी आहे: जॅक लंडन पार्क, ग्लेन एलन, सत्तरीतले आई-बाबा सोबत

मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोहून ग्लेन एलनला, अमेरिकन लेखक जॅक लंडनच्या जुन्या शेतावरच्या पार्कमध्ये जायचं आहे. बाबांना चालता येतं, आईचे गुडघे दुखतात, चढ अजिबात नको.

आत शिरल्यावर दोन पार्किंग आहेत. एक म्युझियमपाशी, म्हणजे लंडनच्या पत्नीने, चार्मियनने, त्याच्या मृत्यूनंतर बांधलेल्या घराशी. लंडनने स्वतःसाठी बांधून घेतलेल्या वुल्फ हाउसची वाट तिथूनच निघते. एका बाजूने साधारण एक किलोमीटर. जाताना बराच उतार, म्हणजे दमछाक परतीला. हे दगडी घर राहायला जाण्याआधीच, ऑगस्ट १९१३ मध्ये जळालं. आता फक्त भिंती आणि धुराडी उभी आहेत. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या असाव्यात, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष १९९५ मध्ये निघाला. बाबांना ते बघायचंच आहे.

दुसरं पार्किंग लंडन राहायचा त्या कॉटेजकडे. लंडन १९१६ मध्ये वारला तो इथेच. पलीकडे त्याचा गोल डुक्करवाडा, मधोमध चाऱ्याचा मनोरा. माझ्या मते भग्न घरापेक्षा हाच भाग जास्त बोलका आहे.

विचारायचं हे:
वुल्फ हाउसपर्यंत ज्येष्ठांना नेणारी गोल्फ कार्ट सध्या चालू आहे का, कोणत्या वारी, आधी सांगावं लागतं का?
कॉटेज ते डुक्करवाडा वाटेवर व्हीलचेअर ढकलता येते का? खडी कितपत आहे?
म्युझियमच्या वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे की जिनाच?

अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा, वेळापत्रकं बदलत असतात.