‘चुकवणे’ म्हणजे भरणे की बुडवणे?

गोदाकाठ: एका पतसंस्थेच्या हिंदी माहितीपत्रकाचं मराठी करायलोय. ‘समय पर ऋण चुकाने वाले सदस्य’ याचं मी ‘वेळेवर कर्ज चुकवणारे सभासद’ केलं तर तपासणारे म्हणाले, हा तर कर्जबुडव्यांचा सत्कार झाला. पण आमच्या घरी ‘किराणावाल्याचे पैसे चुकवून ये’ म्हणजे देऊन ये. कोणाचं बरोबर?

पाटीखडू: तपासणाऱ्यांचं. नजर चुकवणे, वार चुकवणे, कर चुकवणे, सगळीकडे टाळणंच आहे. ‘फेडणे’ असताना हिंदी कशाला ओढून आणता?

मोंढा_परभणी: मग सर ‘हिशोब चुकता केला’ याचं काय करायचं? आणि तुरीचे चुकारे थकले म्हणून दरसाल बोंबलतो ते? चुकारा म्हणजे केंद्रावर घातलेल्या मालाचे पैसे, आमचे वडील एकाधिकार कापूस खरेदी होती तवापासून हेच बोलायलेत, त्यांना कोणत्या हिंदीनं शिकवलं

पाटीखडू: ‘चुकता’ला ‘करणे’ लागतं. चुकता करणे वेगळं, चुकवणे वेगळं. आणि कामचुकार काय काम फेडतो का?

उदगीरवाली: १९४८ पर्यंत आपण निजामात होतो हो, कचेरी उर्दूत, गल्लीत दखनी. तिकडनं आलं असेल तर आता ते आमचंच. पुण्याची मोजपट्टी किती दिवस लावायची?

मोंढा_परभणी: माझा आपला तर्क. हिंदीत ‘खा चुका’ म्हणजे खाऊन झालं. देणं संपलं ते चुकलं, गाडी निघून गेली तीबी चुकली. मूळ एकच असंल.

पाटीखडू: तर्काला पुरावा लागतो.

बायपास_लातूर: एक गंमत बघा, टाळायचं म्हटलं की आपण काहीतरी देतोच. बगल देतो, गुंगारा देतो, पाऊस हुलकावणी देतो, चोर हातावर तुरी देतो. फक्त पैसे सोडून सगळं देतो 😄

उदगीरवाली: हातावर तुरी का पण? हरभरा का नाही?

मोंढा_परभणी: सरकारनं तूर घेतली, पैसे दिले नाहीत, म्हणून 😂

पाटीखडू: म्हण सरकारी खरेदीच्या कितीतरी आधीची आहे. आणि ती तूर डाळीची की दुसरीच कुठली, हे आधी ठरवा.

बायपास_लातूर: लातुरात राहून तूर दुसरी कोणती असती सर?

गोदाकाठ: अहो ते माहितीपत्रक...

मोंढा_परभणी: थांबा भाऊ, आधी तुरीचं होऊ द्या