मदत हवी आहे: ऑनलाइन तासाला लेकरांचं लक्ष घामावरून, नाडीवरून कळेल का?

नमस्कार मंडळी. मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. संध्याकाळची एक बॅच ऑनलाइन असते. औसा, निलंगा, देवणीकडची लेकरं घरूनच बसतात. नेट पुरत नाही म्हणून कॅमेरे बंद. "समजलं का?" विचारलं की धडाधड "हो सर" येतं. काय समजलं ते चाचणीत दिसतं.

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाला हाच विषय घेतलाय. दोन बोटांना लावायचा जीएसआर सेन्सर आणलाय (घामाने कातडीतून वीज किती सहज वाहते ते मोजतो), आणि नाडीसाठी मॅक्स ३०१०२. रविवारी भाच्यावर करून पाहिलं. तो त्याच्या घरी, मी माझ्या. विसाव्या मिनिटाला आलेख चढायला लागला, थांबेचना. मी खूश, कोनीय संवेग एवढा रंगलाय! नंतर कळलं, तिकडे लाईट गेली होती. पत्र्याचं घर, एप्रिल महिना, पंखा बंद.

पुढे उदाहरण सोडवायला दिलं तर नाडी ७८ वरून ९६. विचारलं तर म्हणतो, "मामा, मला वाटलं तुम्ही उत्तर मलाच विचारणार."

म्हणजे उकाड्याचा घाम, भीतीचा घाम आणि लक्ष लागल्याचा घाम वेगळा कसा काढायचा? गाईड म्हणतात ईईजीचा (मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणारा, डोक्याला बांधायचा) पट्टा घ्या. खरंच लागेल का?

प्रतिसाद १
सर, जीएसआरच्या आलेखात दोन गोष्टी एकत्र असतात. एक सावकाश चढणारी-उतरणारी पातळी, तुमचा पत्रा आणि पंखा तिथे दिसतो. दुसरी, त्यावर उठणारी छोटी टोकं. काही घडल्यावर साधारण १ ते ३ सेकंदांत येतात. पातळी गाळून टोकं मोजा. मात्र प्रश्न कधी विचारला ती वेळ तुमच्या घड्याळाने धरू नका, लेकराच्या मोबाईलवर आवाज पोहोचला ती धरा. नेट अडकलं की सगळं पुढेमागे होतं. सेन्सर न लिहिणाऱ्या हाताला, आणि सुरुवातीची ५ मिनिटं नुसतं शांत बसवून नोंद घ्या. बोटं घामाने चिंब झाली असतील तर तो तास सोडून द्या.

भीती की गोडी हे मात्र या सेन्सरला कळत नाही. त्याला फक्त कळतं की अंग जागं झालं. दर दहा मिनिटांनी एक छोटा प्रश्न आणि "आत्ता कसं वाटतंय?" हे विचारावंच लागेल. ईईजीत बीटा, अल्फा, थीटा अशा वेगवेगळ्या वेगाच्या लहरी असतात; बीटाच्या जोराला अल्फा अधिक थीटाने भागून लक्षाचा अंदाज काढतात, पण डोळे मिचकावले, दात आवळले तरी सिग्नल बिघडतो. घरबसल्या लेकरांकडून जमणार नाही.

प्रतिसाद २
मशीन राहू द्या बाजूला, बारावीची लेकरं १८ च्या आतली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मुळात मनाई आहे. अपवाद आहेत, पण तुमच्या कामाला लागू होतात का ते आधी विचारून घ्या. मी असते तर बी.एड.ची सज्ञान पोरं घेतली असती.

मूळ धागाकर्ता
ताई, बरं झालं सांगितलंत, हे डोक्यातच नव्हतं. बी.एड.चे आठ-दहा जण सहज मिळतील. तास सकाळी सहाला ठेवतो, ऊन चढायच्या आत. ती टोकं वेगळी काढायला फुकटातलं सॉफ्टवेअर कोणी वापरलंय का? पायथॉन जेमतेम येतं.