भुसभुशीत बर्फाला इलेक्ट्रिक बास, ओल्याला नाही

भावा, ड्राइव्हवेवरचा (घरासमोरचा गाडीचा रस्ता) बर्फ उडवायला इलेक्ट्रिक स्नो ब्लोअर मशीन पुरतंय का पेट्रोलचंच घ्यायचं असं विचारलंयस म्हणून लिहितोय. मी कोल्हापूरचा गडी, बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचाच माहीत, पण मागच्या हिवाळ्यात लेकीकडं अमेरिकेत मिनेसोटाला होतो आणि जावयाचं वायरवालं मशीन रोज मीच ढकलायचो (रिकामं बसवत नाही हो). चार-सहा इंच भुसभुशीत बर्फ असला तर एक नंबर, ढकललं की उडालाच, ना पेट्रोल ना स्टार्टरची दोरी ओढायची कटकट. पण ओला जड बर्फ पडला की तोंडात गच्च बसतोय, आणि रस्ता साफ करणारी गाडी गेटसमोर जो ढीग लावून जाते ना, तो दगडासारखा होतो, तिथं शेवटी फावडंच, पेट्रोलचं मोठं टू-स्टेजवालं (आधी बर्फ फोडून आत ओढायचा, मग पंख्यानं उडवायचा) असतं तर निघाला असता.

तोंड तुंबलं म्हणून हात घालायचा नाही बरं का! बटण बंद, वायर काढायची, मग काठीनं उकरायचं. गुऱ्हाळातल्या चरकात कोण हात घालतंय का, तसंच हे. एक्स्टेन्शन वायर बाहेर वापरायचीच घे, तीपण जाड, १४ किंवा १२ गेजची, नंबर कमी तेवढी जाड. बारीक वायर तापते आणि मशीनपण दम सोडतंय. आणि वायर कायम मागं ठेवायची, मी एकदा तिच्यावरच चढवत होतो, जावई ओरडला म्हणून वाचलो.

बॅटरीवालं घेणार असशील तर बॅटरी घरातच ठेव, थंडीत लवकर उतरते, आणि शून्याखाली चार्जिंगला तर लावूच नको.

तुझा ड्राइव्हवे सिमेंटचा हाय का खडीचा? खडीचा असला तर थांब जरा, ह्याचे रबरी पाते जमिनीला घासत जातात, बर्फाबरोबर खडीपण शेजाऱ्याच्या काचेवर.